तिच्या नावाने भरलेला तक्ता

फौजदारणीला कोणाचा तरी हेवा वाटतो असं कारखान्यात कोणी म्हणालं असतं, तर ऐकणाऱ्याने त्यालाच वेड्यात काढलं असतं. ही बाई सव्वीस वर्षं क्रेन चालवत होती. मोठ्या शेडच्या छताखाली रुळांवरून पुढेमागे सरकणारी ती क्रेन, तिच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन, आणि त्या केबिनमध्ये ही. खाली माणसं कामाला जुंपलेली असायची आणि त्यांच्या डोक्यांवरून ही दहा-दहा टनांचं लोखंड असं नेऊन ठेवायची, की टेकल्याचा आवाजसुद्धा येऊ नये. ती नोकरीला लागली तेव्हा "आता बाई वर चढणार?" असं विचारून चार जण खो-खो हसले होते. त्यातले दोघे रिटायर झाले, एक तिच्या हाताखाली आला, आणि चौथा अजूनही तिला लांबून बघितलं की हातातली सिगरेट विझवतो.

हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात काही गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. रडायचं नाही. उशिरा यायचं नाही. आजारी पडायचं नाही. कोणाला "जरा मदत करता का" म्हणायचं नाही. कोणी काही विचारलं तर उत्तर एकच, "ठीक." आवाज मुळात बरा होता, तो तिने जाड करून घेतला. माणसांनी तिला फौजदारीण म्हणायला सुरुवात केली आणि तिलाही ते आवडलं. नाकावर माशी बसू द्यायची नाही हे तिला इतकं छान जमलं, की कारखान्यातून घरी आल्यावर ते काढून कुठे ठेवायचं हेच ती विसरून गेली.

तर अशा बाईला हेवा वाटत होता. तोही कोणाचा, तर स्वतःच्या नवऱ्याचा. आणि नवऱ्याच्या कशाचा, तर रक्तदाबाचा.

नवरा शिंपी. पहिल्या मजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान: एक शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, उभा आरसा आणि कोपऱ्यात इस्त्री. तो बायकांचे कपडे शिवायचा. माप घेताना किंवा कड टाचताना त्याच्या तोंडात टाचण्या असायच्या, त्यामुळे त्याला "हं" आणि "हं?" याच्यापलीकडे काही बोलता यायचं नाही, आणि गल्लीतल्या बायकांना नेमका असाच माणूस हवा असायचा. आरशासमोर हात पसरून उभ्या राहिल्या की त्या घडाघडा बोलायला लागायच्या. सासूचं, सुनेचं, गुडघ्याचं, जावयाचं. हा ऐकायचा, मान हलवायचा आणि मजकूर फारच करुण असला तर टाचण्या काढून डोळे पुसायचा. सिनेमात कुत्रं मेलं तरी रडणारा माणूस तो. लेकीच्या लग्नात तो इतका रडला, की वरपक्षाला वाटलं मुलीचा बाप आजारी आहे.

लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले, यांची अदलाबदल झालेली दिसतेय. तिने ते हसण्यावारी नेलं. पुढे तिला त्याचा अभिमानच वाटायला लागला: घरात एक तरी खंबीर माणूस आहे, आणि ते आपण आहोत.

दोन महिन्यांपूर्वी, एका साध्या सकाळी, क्रेनच्या आकड्याला सहा टनांचा गियर लटकलेला असताना फौजदारणीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पंधरा सेकंद असतील, फार तर वीस. तिचा हात आपोआप ब्रेकवर गेला. गियर हवेत थांबला. खालून खुणा करणारा माणूस हात वर करून वाट बघत राहिला, त्याला वाटलं बाई नेम धरतायत. मग तिला दिसायला लागलं आणि तिने गियर नीट नेऊन ठेवला, आवाज न होता. हे तिने कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, त्याला तर नाहीच.

पण महिन्याभराने कारखान्याची वार्षिक तपासणी आली, आणि तिथे तिचा रक्तदाब कळला. डॉक्टरीण वयाने तिच्या लेकीएवढी होती. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा ओठ आवळले आणि म्हणाली, "चोवीस तासांचं मशीन लावू. तोवर क्रेन बंद."

मशीन म्हणजे दंडाला पट्टा आणि कमरेला डबी. दर अर्ध्या तासाला पट्टा आपोआप फुगतो, दंड आवळतो, आकडा डबीत साठवतो आणि सैल पडतो. सोबत एक छापील तक्ता. त्यात तीन रकाने: वेळ, काय करत होता, काय वाटत होतं. फौजदारणीने पहिले दोन रकाने नेमाने भरले. तिसऱ्यात पहिल्या ओळीला "ठीक" लिहिलं आणि त्याच्याखाली शेवटपर्यंत "वरीलप्रमाणे" च्या दोन-दोन रेघा मारल्या.

"दुपारी दोन वाजता एकशे अठ्ठ्याहत्तर," डॉक्टरीण तक्ता बघत म्हणाली, "आणि तुम्ही लिहिलंय ठीक. बाई, या आकड्याला घोडासुद्धा ठीक म्हणणार नाही. काय चाललं होतं दोन वाजता?"

"जेवण."

"आणि मनात?"

"जेवणच."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. गोळ्या देते, तीन आठवड्यांनी पुन्हा मशीन लावू, असं ती म्हणाली. पण गोळी अर्धंच काम करते. बाकीचं अर्धं तुम्हीच करायचं, सगळं आत दाबून ठेवलं की ते नसांवर निघतं. आणि पुढच्या वेळी तक्ता नीट भरा, नाहीतर मी तपासणार नाही. त्या वेळीही आकडा उतरला नाही, तर नियमाप्रमाणे सहा महिने खाली, स्टोअरमध्ये.

सहा महिन्यांत खुर्चीला दुसऱ्याची सवय लागते हे फौजदारणीला कोणी सांगायला नको होतं. तिच्या जागी आता वर एक धाकटी ऑपरेटर बसत होती. हुशार होती, हात हलका होता. तिला शिकवलं होतं हिनेच.

नवरा सोबत आला होता. खरं तर तो बाहेर बसायचा, पण डॉक्टरणीशी दोन वाक्यांत त्याची ओळख झाली आणि निघता निघता तिने गंमत म्हणून त्याचाही दाब मोजला. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. "वा, काका," डॉक्टरीण म्हणाली, "विशीतल्या मुलाचा आहे."

फौजदारणीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

नवरा तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. दिवसभर स्टुलावर बसून असतो. मीठ वरून घेतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी दोनदा विचार करतो. आणि ही रोज बावन्न पायऱ्यांची लोखंडी शिडी चढणारी, मोजून खाणारी, पहाटे उठणारी. हा काय न्याय झाला? तिने कोणाचं काय घोडं मारलं होतं?

तीन आठवडे घरी बसून तिने दुसरं काही केलं नाही, फक्त नवऱ्याला बघितलं. आजवर तिने त्याला दिवसा फारसं पाहिलेलंच नव्हतं. ती आतल्या खोलीत खुर्चीवर बसायची आणि उघड्या दारातून पुढच्या खोलीतलं सगळं दिसायचं. हा माणूस थकला की "थकलो" म्हणायचा आणि पाच मिनिटं आडवा व्हायचा. भूक लागली की भूक लागली म्हणायचा. कापड चुकीचं कापलं गेलं, तर कपाळाला हात लावून गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ताई, माझ्या हातून वाट लागली हो," आणि ती ताई उलट त्याचीच समजूत घालायची. एकदा शेजारीण जुना कोट उसवून घ्यायला आली आणि तासभर बसून गेली. जाताना म्हणाली, "तुमच्याकडे आलं की डोकं शांत होतं." कोट तिथेच विसरली.

फौजदारणीने तोंड आंबट केलं. तिच्याकडे येऊन आजवर कोणाचं डोकं शांत झालं नव्हतं. तिच्याकडे लोक यायचे ते कामाला, आणि काम झालं की पाय लावून पळायचे.

सगळ्यात वाईट साडेचार. साडेचारला लेकीचा फोन यायचा, बापाच्या फोनवर. लेक लांबच्या गावी असायची, ऑफिसातून सुटली की चालता चालता बोलायची. तिच्या साहेबाने काय म्हटलं, तिच्या नवऱ्याची कशावरून चिडचिड झाली, तिला रात्री झोप का येत नाही. बाप मशीन थांबवून ऐकायचा. पाऊण तास, कधी तास. शेवटी तो फोन बायकोकडे द्यायचा.

"आई, कशी आहेस?"

"ठीक. तू?"

"मी पण ठीक."

"जेवण वेळेवर करत जा."

"हो."

झालं. फोन परत बापाकडे. आपली लेक ठीक नाही हे फौजदारणीला दाराआडून ऐकून माहीत असायचं, आणि लेकीने ते बापाला सांगितलं होतं, तिला नाही. त्या मुलीच्या फीसाठी हिने रविवारचे जादा दिवस काढले होते. तिच्या तापात रात्रभर पट्ट्या बदलून सकाळी सातला शिडी चढली होती. आणि आता सगळी साय कोणाच्या वाटीत, तर या रडव्याच्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिला वाटायचं, उठून तो फोन हिसकावून घ्यावा आणि म्हणावं, मला सांग, मलाही सांग. पण तसं म्हणायचं कसं हे तिला येत नव्हतं, म्हणून ती उठून भांडी आदळायची.

दुसऱ्या मशीनच्या आदल्या दिवशी ती औषधाच्या दुकानात गेली आणि काउंटरवर दाब मोजून घेतला. एकशे चौसष्ट. गोळी तिने एकही चुकवली नव्हती. बाकीच्या अर्ध्या कामाला तिने हातही लावला नव्हता.

सकाळी दवाखान्यात तिच्या दंडाला पट्टा बांधला. बांधणाऱ्याने बजावलं की उद्या सकाळपर्यंत काढायचा नाही. ती घरी आली, पुढच्या खोलीत गेली, बाही वर केली आणि पट्टा उलगडून काढला.

"अहो, डावा हात पुढे करा."

नवऱ्याने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "हे काय?"

"उद्या सकाळपर्यंत हे तुम्ही बांधायचं. डबीला काय कळतंय कोणाचा हात आहे ते."

"अगं, पण हे बरोबर नाही."

"बरोबर-चूक मी बघते. मला माझी खुर्ची पाहिजे."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला कोणालाही नाही म्हणता यायचं नाही. मग त्याने बाही वर केली. तिने पट्टा आवळला, जरा जास्तच.

"आणि हा तक्ता," ती म्हणाली. "तोही तुम्हीच भरा. काय वाटतं, कसं वाटतं. तुम्हाला येतं तसलं."

"तुझ्या नावाने?"

"मग काय शेजारणीच्या?"

"बरं," नवरा म्हणाला. "तुझ्या नावाने भरतो."

तिला त्याने काही वेगळं ऐकलं असेल अशी शंकाही आली नाही. तिने सांगितलं तेच त्याने ऐकलं होतं, अगदी शब्दशः. आयुष्यभर तो तिचं तसंच ऐकत आला होता.

दिवसभर गंमत चालली होती. दर अर्ध्या तासाला डबी गुरगुरायची, शिलाई मशीन थांबायचं, आणि शिंपीबुवा डावा हात टेबलावर ठेवून शहाण्या मुलासारखे बसायचे. पट्टा सैल झाला की ते चष्मा लावून तक्त्यात लिहायचे. आधी एखाददुसरा शब्द, मग ओळ. संध्याकाळकडे तर तो हातातलं काम बाजूला ठेवून लिहीत होता. फौजदारीण आतून बघत होती. माणूस काय एवढं लिहितो? हिच्या तक्त्यात एक शब्द आणि दोन रेघा, आणि याचा कागद पुरत नाही. तिला त्याचाही हेवा वाटला. सहा वाजता तर तो पेन हातात धरून नुसताच बसला होता, चेहरा ओढल्यासारखा. नाटकं, ती मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पट्टा पुन्हा स्वतःच्या दंडावर चढवला. नवऱ्याने घडी घातलेला तक्ता तिच्या हातात दिला.

"वाचून घे एकदा," तो म्हणाला.

"काय वाचायचंय त्यात," ती म्हणाली आणि कागद पिशवीत टाकला. त्याने किती चांगलं लिहिलंय हे तिला बघायचं नव्हतं.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर नवरा बसला आणि ती आत गेली. डॉक्टरणीने डबी कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर आकड्यांची रांग उतरली. एकशे चौदा. एकशे अठरा. एकशे सोळा. डॉक्टरीण मान डोलवू लागली.

"सुंदर. एवढा फरक मी अपेक्षित धरलाच नव्हता. फक्त तीन ठिकाणी उडी आहे. साडेपाचला एकशे सेहेचाळीस, सहाला एकशे बावन्न, साडेआठला एकशे पन्नास. बघू काय लिहिलंय." तिने तक्ता उलगडला आणि वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला. "बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मागच्या वेळी ठीक लिहिणाऱ्या तुम्हीच ना?" डॉक्टरीण म्हणाली आणि तिने वाचायला सुरुवात केली. "साडेपाच. लेकीचा फोन झाला. बापाशी पन्नास मिनिटं बोलली. माझ्याशी एक मिनिट. मला तिला विचारायचं होतं की झोप का येत नाही. तोंडातून आलं, जेवण वेळेवर कर. फोन परत देताना माझ्या हाताला घाम आला होता."

फौजदारणीने पिशवीचा बंद घट्ट धरला. हाताला घाम आला होता हे खरं होतं. रोज यायचा.

"सहा वाजता. आता शिफ्ट सुटली असेल. धाकटी शिडी उतरली असेल. माझ्या खुर्चीची पाठ तिने स्वतःच्या उंचीची करून घेतली असेल. तिचं काम चांगलं आहे म्हणून मला जास्त त्रास होतो. वाईट असतं तर बरं झालं असतं." डॉक्टरणीने पान उलटलं. "साडेआठ. जेवताना नवरा गुणगुणतोय. हा निरोगी आहे याचा मला राग येतो. याच्याजवळ सगळे बसतात, माझ्यासमोर सगळे उभे राहतात. मी काय चूक केली? मी तर कोणालाच त्रास दिला नाही."

ही वाक्यं फौजदारीण कधी कोणाशी बोलली नव्हती. स्वतःशीसुद्धा इतकी धड बोलली नव्हती. आणि तो रडवा, स्टुलावरचा शिंपी, दाराच्या पलीकडे कापडावर मान घालून बसलेला असताना हे सगळं बघत होता. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर शुद्ध जळफळाट. माझं दुःखसुद्धा यालाच चांगलं मांडता येतं. निदान ते तरी माझ्याकडे ठेवायचं.

"हे मला फार आवडलं," डॉक्टरीण म्हणाली. "आकडा चढला तिथे कागदही चढलाय. माणूस बोलायला लागलं की असं होतं. सरासरी उत्तम आहे. सर्टिफिकेट देते तुम्हाला." तिने छापील फॉर्म ओढला, तारीख घातली आणि पेनाने तक्त्याची शेवटची ओळ दाखवली. "ही एक ओळ वेळ न घालता लिहिलीय. ही कशाबद्दल?"

फौजदारणीने ओळ वाचली. नवऱ्याचं बारीक, मापं लिहायचं अक्षर. "वर गेल्यावर पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी आली तर, याची भीती वाटते. खाली माणसं असतात."

पुन्हा, असं लिहिलं होतं त्याने.

डॉक्टरणीचं पेन सहीच्या जागेवर होतं. सही झाली असती तर सोमवारी फौजदारीण शिडी चढली असती, धाकटी उतरली असती, खुर्चीची पाठ पुन्हा हिच्या उंचीची झाली असती. तिला ते सगळं हवं होतं. तिला खाली उभा असलेला तो खुणा करणारा माणूस दिसला. हात वर केलेला, बाई नेम धरतायत अशा विश्वासाने थांबलेला.

"सही करू नका," ती म्हणाली. "हात माझा नव्हता."

डॉक्टरणीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा लाल झाला. ती ओरडली नाही, हे तिचं मोठेपण. तिने स्वतः उठून फौजदारणीच्या दंडाला साधा पट्टा बांधला आणि मोजलं. एकशे बहात्तर, एकशे दोन. तिने ते फाईलमध्ये लिहिलं, खाली काय घडलं तेही लिहिलं, आणि फॉर्म फाडून टोपलीत टाकला. सहा महिने स्टोअर. गोळी बदलून दिली. अंधारी कधी आली, किती वेळ, किती वजन लटकलेलं होतं, सगळं विचारून घेतलं. फौजदारणीने एकेक उत्तर दिलं, अपघाताचा अहवाल द्यावा तसं.

"तक्ता घेऊन जा," शेवटी डॉक्टरीण म्हणाली. "मला त्याचा उपयोग नाही. तुम्हाला होईल."

बाहेर बाकावर नवरा एका म्हाताऱ्याकडून त्याच्या मुतखड्याची हकीकत ऐकत होता. तिला बघून तो अर्धवट उठला.

"झालं?"

"नाही झालं. सहा महिने खाली. मी सांगून टाकलं."

त्याचे डोळे भरून आले. एरवी ती "पुरे आता" म्हणाली असती. आज ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि कागद पुढे धरला.

"अंधारीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. जिना चढून आलीस की तू दाराची चौकट धरून उभी राहतेस. डोळे मिटून. दोन महिने बघतोय."

"मग बोलला का नाहीत? अख्ख्या गल्लीशी बोलता तुम्ही. माझ्याशी बोलायला काय झालं होतं?"

"विचारलं होतं ना. दोनदा," नवरा म्हणाला. "तू ठीक म्हणालीस. मग तिसऱ्यांदा विचारायला भीती वाटली."

दोन्ही वेळा फौजदारणीला आठवत होत्या. दुसऱ्यांदा तर तिने "तुमचं शिवण बघा" असंही म्हटलं होतं.

"तुमचा दाब तीनदा चढला होता काल," ती म्हणाली. "एकशे बावन्नपर्यंत. स्वतःची तपासणी करून घ्या आता."

"मला काही झालेलं नाही गं. त्या वेळी मी तुझं लिहीत होतो." तो ओशाळल्यासारखा हसला. "तुझ्या नावाने भर म्हणालीस. नुसतं कसं लिहिणार? आधी तसं वाटून घ्यावं लागतं. तुझ्यासारखं सगळं आत धरून बसायचं, कोणाला सांगायचं नाही, चेहरा हलू द्यायचा नाही. मला तीनदा जमलं, आणि तिन्ही वेळा छातीत धडधडायला लागलं. तू हे सव्वीस वर्षं कसं केलंस?"

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, कीवही नव्हती. खरंच आश्चर्य होतं, वजनदार सामान एकटीने उचलून आणलेल्या बाईकडे बघताना वाटावं तसं. फौजदारणीला इतके दिवस वाटत होतं की जे मिळायचं ते सगळं याला मिळालं, हा सुखाचा जीव, आपल्या वाट्याला काहीच नाही. आपल्याकडे त्याच्यापेक्षा जास्त आहे ते हे आत धरून ठेवणं, हे आज तिला कळलं, आणि ते तिला नको होतं.

"सरका जरा," ती म्हणाली. नवरा सरकला, मुतखडेवालाही सरकला. ती मधे बसली. सांगायला तिला अजिबात जमलं नाही. तिने सुरुवात गियरच्या वजनापासून केली, मग एकदम लेकीच्या फीवर गेली, मग धाकटीच्या हातावर, आणि मधेच तिला आठवलं की अंधारीचं राहिलंच.

"पंधरा सेकंद मला काही दिसलं नाही," ती म्हणाली. "आणि खाली माणसं होती. मी घाबरले होते."

मुतखडेवाल्या म्हाताऱ्याने रुमाल काढला. नवराही आता रडणार असं वाटून ती थांबली. पण तो रडला नाही.

"मग?" त्याने विचारलं, आणि ती पुढे सांगू लागली.